कागलपर्यंतचा श्वास

“मशीनमध्ये नंतर फुंका, ताई. आधी तुमची पुण्याची गाडी पुकारा,” डॉक्टर हुपरीकर म्हणाल्या.

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात माझी वीस वर्षं गेली. तरी त्या दिवशी “संकेश्वर, निपाणी, कागल” एवढ्यावरच धाप लागली. त्यांनी कागदावर लिहिलं: कागल.

मग मी पिशवी टेबलावर उपडी केली. दम्याचे, स्टिरॉइडचे अकरा रिकामे पंप. “आधीचे तिन्ही डॉक्टर म्हणाले, मी पंप घेतच नाही. मग हे काय चुलीत घातले?”

त्यांनी मला समोर पंप ओढायला लावला, बेडका तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, “तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्या श्वासनळीतली सूज स्टिरॉइडला दाद देत नाही. चुकलं आम्हा डॉक्टरांचं, नुसता डोस वाढवत राहिलो.”

असं बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

औषध बदललं. दर महिन्याला मी गाडी पुकारायची, त्यांनी गाव लिहायचं. कोल्हापूर. पेठनाका. कराड.

काल त्या स्वतःच पुण्याला निघाल्या होत्या. माझ्या केबिनच्या खिडकीतून दिसल्या, तसा मी माईक ओढला. संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर, पेठनाका, कराड, सातारा, स्वारगेट. सगळं एका दमात! बाहेर फलाटावर त्या डोळे मिटून बोटांवर गावं मोजत होत्या.

डोळे उघडले तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती.

त्या खिडकीशी आल्या. “पुढची कधी?”

“तासाभरानं.”

“चालेल. तीपण पुकारा.”