चिठ्ठीवरचा नंबर

एकोणीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासून कारागीर पार विटला होता. चिठ्ठीवर नंबर यायचा, काच जायची, माणूस कधी दिसायचाच नाही. “आज नोकरी सोडतोच,” बायकोला सांगून तो निघाला. पण तोंड उघडायच्या आतच मालक म्हणाले, “काउंटरवाली रजेवर आहे, जरा बाहेर बसा.” पहिल्याच आलेल्या आजींना त्याने कालच घासलेल्या जाड काचांचा चष्मा चढवला. त्यांनी वळून सोबतच्या आजोबांकडे निरखून पाहिलं. “अहो, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?” “तुला दिसेनासं झालं तेव्हापासून. म्हटलं, भांग तरी कुणासाठी पाडायचा?” हसता हसता आजी बोटांनीच त्यांचे केस विंचरू लागल्या. कारागिराने मागे जाऊन पुढची चिठ्ठी उचलली. “मालक, हा नंबर कुणाचा?” “शाळकरी मुलीचा. का हो?” “फळा दिसत नसेल तिला. आधी तिचंच घेतो.”