भुताच्या बांगड्या

मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागायला वेळ होता, आणि सिनेमाचा डायरेक्टर धर्मराज हॉटेलाच्या बाकावर चहा पीत बसला होता. हिरामण होडीवाल्याने ही संधी सोडली नाही.

वर्षभर तो हिचीच वाट बघत होता. गेल्या साली उरणच्या तंबूत धर्मराजच्या सिनेमाचा खेळ झाला, तेव्हा हिरामणने भर गर्दीत होडीच्या शिडाची चूक काढली होती. "तुम्ही मासे धरा, भुतं आमच्यावर सोडा," असं म्हणून धर्मराज हसला. मग सगळा तंबू हसला. तेव्हापासून मोऱ्याची पोरं हिरामणला 'डायरेक्टर' म्हणून चिडवत. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. आज चारचौघांत या माणसाचं नाक कापायचंच, असं ठरवून तो आला होता.

तसा तो धर्मराजचा भक्तच. एकही सिनेमा चुकवलेला नाही. भुताला सर्दी होते, झुंबरावरचं घुबड पत्ते खेळणाऱ्यांना हुकूम सुचवतं, नवरी वरातीला तिरडीवर बसून येते. असला वेडेपणा हाच माणूस करू जाणे, असं त्याचं मत होतं. पण दर सिनेमात एक बुडालेली कोळीण यायची, आणि तिथे हिरामणचं डोकं फिरायचं.

"कालचा खेळ कसा वाटला?" धर्मराजनेच विचारलं.

"बंगला झकास. घुबड लय भारी. भूत साफ चुकलं."

शेजारी माशांची पाटी घेऊन बसलेल्या बायजाने मान वर केली. "काय चुकलं रं? आमच्या बांगड्या बरोबर दावनारा ह्यो पयलाच सिनेमावाला."

लग्नात कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायच्या, म्हणजे दर्या धन्याला सांभाळतो. मग जन्मभर काचेच्या बांगड्या डाव्याच हातात. पडद्यावरच्या भुताच्याही डाव्याच हातात होत्या.

"सायेब, ही दिवाळ्याची पुतळा," हिरामण म्हणाला. "नाव बदललं तरी आमाला कळतं."

दिवाळे गावची ही पुतळा दहा वर्षांपूर्वी खाडीत बुडाली होती. पाय घसरला असेल, असं लोक म्हणाले. त्या दिवशी आम्ही तिला पाहिलंच नाही, असं हिरामणसकट खाडीवरच्या सगळ्या होडीवाल्यांनी पोलिसांना सांगितलं होतं. प्रेतही मिळालं नाही.

"असेल," धर्मराज म्हणाला. "मग?"

"मंग बांगड्या उजव्या हातात पायजेत."

बायजा फिसकन हसली. आणखी दोघं-तिघं जवळ सरकले.

"या बाई सांगतात ते खरं, की तुमचं?" धर्मराजने विचारलं.

पुन्हा तेच, पुन्हा लोकांसमोर. हिरामण पेटला.

"तिचा डावा हात तेलानं भाजला व्हता. मनगटावर फोड आले व्हते. सवाशीन बाई मोकळ्या हातानं भायेर कशी पडल? म्हनून उजव्यात घातल्या व्हत्या. ठावं नसल तर दावू नये मानसानं."

आता कोणी हसलं नाही. वर्षाचं उट्टं निघालं, हिरामणला बरं वाटलं.

धर्मराजने कप खाली ठेवला आणि हिरामणचं मनगट घट्ट धरलं. इतका वेळ पुस्तकी बोलणारा तो माणूस दिवाळ्याच्या बोलीत बोलू लागला.

"पुतळा माजी भयीन. त्या बांगड्या मीच बदलल्या व्हत्या, घरात आमी दोगंच असताना. तशीच ती खाडीवर गेली, ती मंग कोनालाच दिसली नाय."