वडीवरचा दुसरा हात

“ही वडी दोघांनी वापरलीय,” फेसबुवा म्हणाले.

नर्सबाईंनी दिलेला साबणाचा चपटा तुकडा त्यांनी खिडकीतल्या उजेडात धरला होता. उरलेला तुकडा आणून दाखवल्याशिवाय नवी वडी द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. आपण बनवलेला साबण कुणी कसा झिजवला, ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“दोघांनी कसली? मी एकटी राहते, बुवा. तुमचाच साबण हल्ली भसाभसा विरघळतो.”

“हळू बोला!” बुवांनी मागच्या फळीकडे पाहिलं. तिथे ताज्या वड्या जुन्या शालीखाली ओळीने मांडलेल्या होत्या. “झोपल्यात त्या. मुरायच्या आत असलं काही कानावर पडलं, की फेस धरत नाहीत मग.”

हा माणूस वेडा आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. नर्सबाईही म्हणायच्या, पण कौतुकाने. वॉर्डात दिवसभर जंतुनाशकात बुडवून त्यांचे हात पार भेगाळले होते. डॉक्टरांची सगळी मलमं हरली आणि बुवांच्या खोबरेल-लवंगेच्या वडीने हात लोण्यासारखे झाले. तेव्हापासून त्या भेटेल त्याला साबणाची महती सांगत सुटायच्या. त्या दिसल्या की वॉर्डातल्या बाकीच्या नर्स एकमेकींना म्हणायच्या, “आल्या बघा, फेस घेऊन.”

“इकडे बघा,” बुवांनी तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला. “या बाजूची झीज तुमची. उजवा हात. ही पलीकडची डावखुऱ्याची. अंगठा चांगला रुंद आहे. आणि ही बारीक रेघ दिसतेय? अंगठीची. तुमच्या हातात तर अंगठी नाही.”

नर्सबाई खुर्चीत बसल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा डावखुरा होता.

“कोण असेल, बुवा?”

“साबण हात सांगतो, बाई. माणूस सांगत नाही.”

दोन वर्षांपूर्वी मुलाने शिक्षण अर्धवट सोडलं, तेव्हा नर्सबाई रागाच्या भरात बोलून गेल्या होत्या, “पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!” तो घराची किल्ली घेऊन बाहेर पडला तो पडलाच. फोनही उचलत नसे.

घरी जाताना त्या रस्त्यात एकट्याच हसत होत्या. पोराने शब्द पाळला होता! तोंड तेवढं दाखवलं नव्हतं. आई ड्युटीवर गेली की येऊन आंघोळ करून जात होता. हट्टी मेला, अगदी बापावर गेलाय. मग अंगठी आठवली आणि त्या चालता चालता थबकल्या. म्हणजे लग्नही उरकलं? आणि बायकोच्या घरी नळाला पाणी नाही की काय?

दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलावर ताट झाकून ठेवू लागल्या. संध्याकाळी ते घासूनपुसून पालथं घातलेलं असे. ते बघून तर त्यांना हुंदकाच आला. या घरात असताना पोराने स्वतःचा कप कधी उचलला नव्हता. सुनेने वळण लावलेलं दिसतंय. न पाहिलेल्या सुनेवर त्यांचा जीव जडला.

“तिच्यासाठी एक वडी द्या ना, बुवा.”

“हात कसे आहेत तिचे? कोरडे, घामट?”

“मलाच कुठे माहीत?”

“मग साबण काय अंदाजपंचे द्यायचा?” बुवा बराच वेळ कुरकुरले. पण शेवटी शालीखाली हात घालून त्यांनी एक मुरलेली वडी काढली. “ही घ्या. हिला उठवायचं जिवावर आलं होतं माझ्या.”

त्या रात्री नर्सबाईंनी मुलाच्या जुन्या नंबरवर मेसेज टाकला. ‘मला सगळं कळलंय. आता पुरे. तोंड दाखव.’

पहाटे उत्तर आलं. ‘उद्या दुपारी येतो.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली. मुलगा यायच्या आत घर आवरायचं होतं, पण दार उघडलं तर आतून लवंगेचा वास आला. बाथरूमचं दार बंद होतं. आत पाणी पडत होतं.

बाई सुनेची वडी हातात घेऊन बाथरूमबाहेर स्टुलावर बसल्या. डोळे पुसले.

“सावकाश होऊ दे तुझं,” त्या दाराला म्हणाल्या. “मी काही विचारणार नाही. रागावणार तर मुळीच नाही. फक्त सुनेचं नाव सांग. आणि आज मी वाढते, माझ्यासमोर बसून जेव.”

आत पाणी थांबलं. लाजला असेल.

“लहानपणी तुला आंघोळीला धरून आणताना माझा जीव जायचा,” त्या हसत म्हणाल्या. “आणि आता बघा!”

तेवढ्यात बेल वाजली. “हिलाही आत्ताच वाजायचं होतं,” पुटपुटत नर्सबाईंनी दार उघडलं.

बाहेर त्यांचा मुलगा उभा होता. खांद्याला बॅग, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. चौकटीवर टेकलेल्या डाव्या हाताची बोटं सडसडीत आणि अंगठीविना मोकळी.

“किल्ली नाही गं माझ्याकडे,” तो खाली बघत म्हणाला. “त्या दिवशी जाताना जिन्यातच फेकली होती, रागाने.” मग त्याने मान वर केली. “तोंड दाखवू ना, आई?”

नर्सबाईंच्या पाठीमागे बाथरूमची कडी सरकली.