कारणाचा रकाना

शेवटच्या मुलीनेही नळीत जोरात फुंकलं आणि यंत्राचा काटा झोकात वर गेला. डॉक्टर हेमांगी चक्रावल्या. धुळीने मुलांची छाती किती बिघडते, ते मोजायला त्या आल्या होत्या. खिडकीबाहेर खडी क्रशर धडधडत होता, बाकांवर धुळीचा थर होता, आणि शाळेत साधा खोकला म्हणून नव्हता.

"तुमची मुलं ठणठणीत आहेत," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या.

गुरुजी खुलले. "असणारच की, मॅडम. शहरातून तपासायला माणसं येणार म्हटल्यावर आम्ही गाफील राहू का? खोकणारी चौदा पोरं कालच हुडकली आणि आज त्यांना सुट्टी दिली. उगाच शाळेचं नाव जायला नको."

हेमांगींनी हातातल्या यादीकडे पाहिलं. चौदा नावांपुढे 'गैरहजर' होतं आणि त्यापुढचा कारणाचा रकाना कोरा. हाच रकाना कोरा सोडणाऱ्या संशोधकांना त्यांनी गेल्या महिन्यात भर सभेत झोडपलं होतं.

त्यांनी पेन उघडलं आणि पहिल्या नावापुढे खरं तेच लिहिलं: 'आमची तपासणी.'

खाली तेरा वेळा 'वरीलप्रमाणे'.