शाळेपासून चाळीस मीटर

मितेशच्या खिशात गांजाच्या पुड्या सापडल्या, हे कळताच सत्यवती मासळीची पाटी बाजारातच ठेवून पोलीस ठाण्यात धावली. पोराच्या तोंडाकडे तिने एकदाच बघितलं. "केलंस ता आता भोग," एवढंच ती त्याला म्हणाली.

हवालदाराने पंचनामा तिच्यापुढे सरकवला. "शाळेच्या फाटकापासून चाळीस मीटरवर विकत होता. शाळेजवळचा गुन्हा, म्हणजे शिक्षा जास्त लागणार."

"कायदो बरो आसा," सत्यवती म्हणाली. "पण खंयची शाळा?"

"तुमच्याच वाडीतली."

"तिका कुलूप लागान दोन वर्सां झाली. पोरां कमी म्हणान बंद केल्यानी."

"कागदावर शाळा आहे, बाई. आम्ही कागद बघतो."

सत्यवतीने पंचनाम्यातल्या 'शाळा' या शब्दावर बोट ठेवलं.

"मगे ह्याची एक प्रत माका द्या, साहेब. माझा धाकटा चेडू, मितेशची भैण, रोज सात किलोमीटर चलत शाळेत जाता. मी अर्ज करून करून थकलंय. आमच्या वाडीत शाळा आसा, असा सरकारान आज पयल्यांदा लिवन दिल्यान."