घाटीतलं ॲव्हरेज

“लिटराक सोळा?” भाईंनी डोळे बारीक केले. “कंपनीवालो सुद्धा चौदाच सांगता, मेल्या. माझ्या दुसऱ्या गाडयेक अकरा मिळाला तरी नशीब. तुझी पिकअप काय वाऱ्यार चलता?”

सुदेश पायाकडे बघत म्हणाला, “बरी चलयतंय म्हणान, भाई.”

भाईंचा मालवणात मासळीचा धंदा. सुदेश सकाळी बर्फातली मासळी घेऊन गोव्याला जायचा आणि संध्याकाळी रिकामे क्रेट घेऊन वालावलला आपल्या घरी यायचा.

मुजम्मिल मेस्त्री बॉनेटवर हात पुसत हसला. तो कुवेतला राहून आलेला. “भाई, ही हायब्रीड झाली काय बघा! थंय आमच्या शेखाकडे होती. अर्धी बॅटरीर, अर्धी पेट्रोलार. थांबली की इंजिन आपसूक बंद, आवाज म्हणान नाय. पण कंपनी सांगी तितक्या ॲव्हरेज ती पण कधी देय नाय.”

“हायब्रीड?” भाई म्हणाले. “माका हायब्रीड माड ठावक. बुटको. उभ्या उभ्या नारळ काढूचो.”

सगळे हसले. सुदेश निघाला तेव्हा मुजम्मिल खिडकीशी आला आणि आवाज खाली करून म्हणाला, “उतारार इंजिन बंद करतंस ना? खोटा बोला नको. इंजिन बंद झाला की ब्रेक दगड होता. एक दिवस मरशीत.”

“नाय रे बा,” सुदेश म्हणाला. हे अर्थात खोटं होतं. उतार दिसला की त्याचा हात चावीकडे जायचाच. भाई खूश राहायचे, नोकरी टिकायची.

पण आवळ्याच्या घाटीचं प्रकरण वेगळं होतं. तिथे डिझेल वाचवायचं भान आता त्याला उरलेलं नव्हतं. तिथे तो घाबरायचा. अगदी सरळ सांगायचं तर त्याची गाळण उडायची.

वालावलच्या अलीकडे ही घाटी. दोन्ही बाजूंना रान, आणि खाली एक आंधळं वळण. पावसाळा संपल्यावर एका सकाळी त्याला त्या वळणावर नारळ आणि विडा ठेवलेला दिसला. मग काही दिवसांनी कोंबड्याची पिसं. मग रोटाचा नैवेद्य. त्याने गावातल्या गुरुदासकाकांना विचारलं, तर म्हातारा कानाशी येऊन कुजबुजला.

“रानातलो राखणदार, देवचार, जागो झालो आसा. तिनसांजेक घाटी उतरता. लोकांनी बघल्यानी. तू रोज थंयसून येतंस, तेव्हा एक ध्यानात ठेव. तेच्या वाटेर आवाज करू नको, तेच्या तोंडार दिवो मारू नको. गपचूप उतर. तो आपल्या वाटेन जायत, तू आपल्या वाटेन जा.”

तेव्हापासून सुदेश घाटीच्या माथ्यावर इंजिनाबरोबर दिवेही बंद करायचा. एरवीही बॅटरी म्हातारी म्हणून तो दिवे जपूनच लावी; आता श्वाससुद्धा जपून घेऊ लागला. वळणावरचे नारळ मात्र वाढतच होते. म्हणजे देवचार काही शांत होत नव्हता. सुदेशने बायकोला सांगितलं नाही. तिला सातवा महिना होता.

त्या दिवशी बांद्याला त्याच्याच वाडीतली काशीबाई भेटली. लेकीकडे चार दिवस राहून परतत होती. तिने हात केला आणि पुढे त्याच्या शेजारी बसली, बसल्याबसल्या नाकाला पदर लावला.

“शी! काय रे वास ह्यो, सुदेशा!”

“माका तर काय येणा नाय, काकी.”

“तुका कसो येतलो? तू त्यातच मुरलंस.”

कुडाळ मागे पडलं. दिवस बुडाला. घाटीचा माथा जवळ आला तशी काशीबाईची बडबड थांबली. नाकावरचा पदर तिने डोळ्यांवर ओढला आणि दोन्ही हात जोडून बसली. सुदेशने दिवे मालवले आणि चावी फिरवली. गाडी अंधारात घरंगळू लागली.

“बा देवा म्हाराजा,” तो पुटपुटला, “चुकला माकला पोटात घाल. बाळ येवचा आसा घरात. माका सुखरूप घराक पोचव म्हाराजा.”

“गाडी बंद पडली काय रे?” पदराआडून काशीबाईने विचारलं.

“नाय. उतार आसा. बोला नको.”

गाडीने वेग घेतला. सुदेशचे दात वाजत होते. काशीबाईने ते ऐकलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, “इतक्या भियाव नको झिला. आज तेचो निकाल लागतलो. सकाळीच माझ्या पोराचो, बाबलीचो फोन इल्लो. वाडीतल्या झिलांनी माड पाडून वळणाक आडवो घातल्यानी हा. मांत्रिकान सांगल्यान, वाट अडवलास तर परत येवचो नाय.”

सुदेशला क्षणभर इतकं हलकं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. कोणीतरी त्याची ही पीडा संपवणार होतं. मग त्याच्या डोक्यात आलं.

“आणि गाडी इली तर, काकी?”

“गाडयेक दिवो आसता, आवाज आसता. ता दिसला की दोरी ओढून माड बाजूक करतले.” काशीबाईने पदर आणखी घट्ट ओढला. “तो मेलो तसो खंय? काळो धूड. दिवो नाय, आवाज नाय, भसकन उतरता. आणि सोबत नुसतो माशाचो वास.”

सुदेशचा पाय ब्रेकवर आदळला. ब्रेक दगड झाला होता. त्याचा हात चावी शोधत असताना खालच्या अंधारातून बाबलीची किंकाळी आली.

“वास इलो रे! माड हलवू नकात!”