सुट्टीपुरतं सासर

“उंटराव, वाकून या,” सासरे आतूनच ओरडले, आणि तरीही तिच्या नवऱ्याचं डोकं चौकटीला आपटलंच.

“दर सुट्टीत तेच,” सासूबाई म्हणाल्या. “त्याचं राहू दे, आधी हिला बसायला खुर्ची द्या.”

पण ती बसायला आली होती कुठे? पोट सांभाळत सरळ स्वयंपाकघरात गेली, डावीकडचा खण ओढून गाळणी काढली आणि चहाचं आधण ठेवलं. या घरात तिला काही विचारावं लागत नसे. नवऱ्याचं अगदी उलट. साखरेचा डबा नाकासमोर होता आणि तो बिचारा सगळी झाकणं उघडून बघत होता. सासूबाईंनी हसून डबा त्याच्या हातात दिला.

सुट्टी लागली की दोघं इथे येत. या खेपेला मात्र ती एक गोष्ट मनात धरून आली होती. पहिलंच बाळ. तिची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेलेली. कुणाला तरी ‘आई’ म्हणून हाक मारायची सवय तिला परत लागली ती याच घरात, लग्न होऊन आल्यावर. बाळ येईल तेव्हा सासूसासऱ्यांनी आपल्याकडे येऊन राहावं, एवढंच तिला हवं होतं. तान्ह्या बाळाला धरायचं कसं इथपासून तिची सुरुवात होती, आणि धीर देणारं दुसरं माणूस तिला सुचत नव्हतं. फोनवर विचारून झालं होतं. सासूबाई दर वेळी गुडघे पुढे करायच्या.

दुपारी त्यांनी कपाटाच्या तळातून एक गाठोडं काढलं. टोपडी, झबली, निळा स्वेटर, तळहातात मावतील असे मोजे.

“जपून ठेवलंय सगळं. बघ, एवढासा होता.”

“आणि रडका?”

“रडका कसला, भोंगा होता. शेजारचे घर बदलायचं म्हणत होते.”

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नवरा बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या फोटोसमोर उभा होता. वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरलेला, पुढचे दात पडलेला मुलगा. हसण्याचा आवाज ऐकून तो आत आला. त्याने तो स्वेटर दोन्ही हातांनी उचलला.

“हे आम्ही न्यायचं ना?”

“मग काय मी घालू?” सासूबाई म्हणाल्या.

ती हळूच म्हणाली, “आई, तुम्हीच घेऊन या हे सगळं. बाळ आलं की.”

“तीन जिने आहेत बाई तुमच्याकडे. माझे गुडघे बघतेस ना?” त्यांनी गाठोड्याला गाठ मारली आणि विषय संपवला. तिला वाईट वाटलं. रागही आला, पण ज्या बाईने आपल्याला आईची माया दिली तिच्यावर रागवायचं तरी किती.

संध्याकाळी सासऱ्यांनी उंटरावांना ताब्यात घेतलं. सासऱ्यांचा गाडी शिकवण्याचा क्लास होता. निम्म्या गावाने त्यांच्याच शिव्या खाऊन लायसन्स मिळवलं होतं. त्यांच्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या.

“आमच्या घरात असा क्लच सोडणारा तू पहिलाच,” ते म्हणाले. “उद्या बाळाला असं हिसके देत नेणार? मी डोळे मिटून बसतो. ब्रेक कधी दाबलास ते मला कळलं तर नापास.”

ती मागे बसून गंमत बघत होती. तळ्याच्या रस्त्याने पहिल्या फेरीत नवरा चार वेळा नापास झाला. दुसऱ्या फेरीत दोनदा. तिसऱ्या फेरीत पुढून काहीच ऐकू येईना. सासऱ्यांना खरोखरच झोप लागली होती, मान खिडकीला टेकून, पाय त्यांच्या ब्रेकपासून लांब. घर आलं तरी नवऱ्याने गाडी थांबवली नाही. म्हातारा जागा होऊ नये म्हणून त्याने तळ्याला अजून एक वळसा घातला. हा माणूस आपल्याला मिळाला, याचं तिला त्या क्षणी फार बरं वाटलं.

निघायच्या दिवशी सामान गाडीत ठेवून झालं. तिने पुन्हा एकदा विचारलं, आणि सासूबाईंनी पुन्हा एकदा गुडघ्यांवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले. ती गाडीत जाऊन बसली, काच खाली करून.

नवऱ्याने किल्ली खिशात टाकली आणि तो परत दाराशी आला.

“आई, गुडघ्यांचं राहू द्या. खरं काय ते सांगा.”

“हिची बॅग भरलेली आहे,” सासरे मध्येच म्हणाले. “खाटेखाली लपवलीय. मला वाटतं माझे बनियनसुद्धा त्यातच गेले, सापडत नाहीत.”

“तुम्ही गप्प बसा हो.”

“मग अडलंय कुठे?” नवऱ्याने विचारलं.

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. “यायचं नाही असं कुठे म्हणतेय मी? कळल्यापासून जीव तिकडेच लागलाय. पण रीतभात असते ना रे काही. आम्ही येऊन ठाण मांडलं तर तुझ्या आईला काय वाटेल?”

“तिनेच पाठवलंय मला,” तो म्हणाला. “म्हणाली, स्वतःचा मुलगा गेल्यावर ज्यांनी आपल्या हातांनी सून माझ्या घरी दिली, बाळ आधी त्यांच्या मांडीवर द्यायचं.”